कॉन्व्हेंटच्या मागच्या गेटातला अभ्यासवर्ग: एका पोळीभाजीवालीचा अडीच वर्षांचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच. आधी सेवा काय आहे ते सांगते, कारण आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांना अजून वाटतं की तिथे फक्त जुने कपडे वाटतात.

पुण्यात कॅम्प भागात मुलींची एक कॉन्व्हेंट शाळा आहे, सिस्टर लोकांची. नाव लिहीत नाही, कारण पुढे मी कुरकुर करणार आहे आणि शिकवणाऱ्या पोरी चौदा-पंधरा वर्षांच्या आहेत. त्यांच्या नावाने उगाच चर्चा नको. या शाळेत दर मंगळवारी आणि शुक्रवारी अडीच ते चार आसपासच्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतात. फी नाही. शिकवतात त्या नववीच्या मुली, एका मुलीकडे दोन-दोन पोरं. एक सिस्टर आणि एक बाई हॉलमध्ये फिरत असतात. माझा मुलगा महापालिकेच्या शाळेत, मराठी माध्यमात, आता सातवीला आहे. पाचवीपासून तिथे जातो.

मी पोळीभाजी केंद्र चालवते. सकाळी पाचला तवा तापतो तो दुपारी दोनला उतरतो, त्यामुळे अडीचची वेळ मला सोयीची पडते. पोराला गेटावर सोडते, बाजार करते, येताना घेऊन येते. हिशेब चोख असावा म्हणून आधीच सांगते, या सिस्टर लोकांनी दोनदा माझ्याकडून पोळ्यांची मोठी ऑर्डर घेतली आणि पैसे त्याच दिवशी दिले. त्या ऑर्डरींसाठी मी गोड लिहिते आहे असं कुणाला वाटलं तर पुढचं वाचा.

धाकटीच्या पहिलीच्या वेळी आरटीईचा, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत जागांचा, अर्ज भरायला बसले तेव्हा यादीत ही शाळा सापडेना. सायबर कॅफेवाल्याने सांगितलं, ताई, अल्पसंख्याकांच्या शाळांना तो पंचवीस टक्क्यांचा नियम लागत नाही, सुप्रीम कोर्टाने 2014 सालीच तसं ठरवलंय. म्हणजे पुढच्या गेटातून आमची मुलगी जाणार नाही, हे तिथेच कळलं. फी भरून जाणं आमच्या बापजन्मात शक्य नव्हतं. मागचं गेट आठवड्यातून दोनदा उघडतं हे कळलं ते शेजारणीकडून, तेही एक वर्ष उशिरा.

मुलाला पाठवायचं ठरलं कारण त्याची अख्खी दुसरी लॉकडाऊनमध्ये गेली. वर्गशिक्षिका व्हॉट्सअॅपवर गृहपाठ पाठवायच्या आणि घरात फोन एक, तो सकाळी डब्यांच्या ऑर्डरी घेणार. चौथीपर्यंत ढकलत ढकलत आला. पाचवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा माझे डोळे उघडले. पोरगा सत्तावीस अधिक अठरा बोटांवर करत होता.

पहिल्या दिवशी मी गेटाबाहेर अर्धा तास उभी राहिले. आत गेलेला पोरगा तोंड पाडून आला. म्हणाला, "त्या दीदीला गणितच येत नाही." मी म्हटलं झालं, फुकट ते फुकटच. मग कळलं भानगड काय होती. अपूर्णांकांची बेरीज होती. पोरगा म्हणत होता लसावि काढायचा, आणि दीदीला लसावि हे कुणाचं आडनाव वाटलं. ती म्हणत होती एलसीएम. अंश-छेद तिला माहीत नाही, न्यूमरेटर-डिनॉमिनेटर याला माहीत नाही. दोघंही हुशार, दोघंही एकमेकांना ढ समजून बसलेले. तिसऱ्या आठवड्यात दीदीने वहीच्या शेवटच्या पानावर उभी रेघ मारून दोन्हीकडचे शब्द लिहिले. ते पान अजून आहे, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलाय, तो माझा.

या दीदीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या सेवेतलं सगळ्यात चांगलं काय ते तिच्यामुळे कळलं. चष्मा, दोन वेण्या, मराठी बोलते पण इंग्रजी बोलता बोलता मध्येच गिअर टाकल्यासारखी. तिला शाळेत मराठी दुसरी भाषा आहे. आकडे मराठीत म्हटले की तिची गाडी बंद पडायची. याने एकोणसत्तर म्हटलं की ती 79 लिहायची. मग पोराने तिला एकोणतीसपासून एकोणऐंशीपर्यंत घोकून घेतलं. घरी येऊन सांगतो कसा, "आई, आज मी तिचा अभ्यास घेतला." 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बहात्तरच्या जोडीला 'सत्तर दोन' आलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवतंय? आमच्या दीदीने त्या पुस्तकाची पूजा केली असती.

जो पोरगा शाळेत शेवटच्या बाकावर बसून तोंड उघडत नव्हता, तो इथे एका कॉन्व्हेंटच्या मुलीच्या चुका काढत होता. शिकवणी लावून हे झालं नसतं. आमच्या भागात सहावी-सातवीच्या शिकवणीत एका खोलीत पंचवीस पोरं कोंबतात, तिथे कुणाला विचारायला वेळ आहे.

नववीच्या मुलींनाच का पाठवतात, तर त्यांच्या आयसीएसई बोर्डात तसा विषयच आहे. एसयूपीडब्ल्यू, म्हणजे 'सोशली यूजफुल प्रॉडक्टिव्ह वर्क', समाजाच्या उपयोगाचं काम, आणि समाजसेवा. त्याची श्रेणी मिळते आणि त्यात पास झाल्याशिवाय दहावीचं प्रमाणपत्र मिळत नाही. दीदीनेच हसत सांगितलं की पोरी त्याला 'सम यूजफुल पीरियड्स वेस्टेड' म्हणतात. उपयोगाचे काही तास वाया, असा अर्थ सांगितला तेव्हा मीही हसले, पण मनात म्हटलं, बाई, त्यातला एक पीरियड माझ्या पोराचा आहे. काही मुली खरोखर तास भरायलाच येतात, ते दिसतं. पोराला पान वाचायला लावायचं आणि आपण खिडकीतून मैत्रिणीला खुणा करायच्या. दोन वर्षांत अशा दोघी वाट्याला आल्या. तक्रार केल्यावर सिस्टरने बदलून दिल्या, मुकाट्याने.

आता कापलेला तारा.

फेब्रुवारीच्या मध्यावर वर्ग बंद होतो, कारण नववीच्या मुलींची परीक्षा जवळ आलेली असते. उघडतो तो जूनच्या अखेरीस. आमच्या महापालिकेच्या शाळांची परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे पोराला ज्या दोन महिन्यांत कुणीतरी शेजारी बसून हवं असतं, नेमके ते दोन महिने कुलूप. पावसाळ्यात छत्री देऊन ऐन पावसात काढून घेतल्यासारखं. पहिल्या वर्षी मला हे माहीतच नव्हतं. शुक्रवारी नेहमीसारखी गेले तर वॉचमन म्हणाला, "ताई, आता जूनमध्ये." कागद लावलेला होता म्हणे, पुढच्या गेटावर, इंग्रजीत.

जूनमध्ये दुसरी पंचाईत. जुन्या मुली दहावीला गेल्या, नव्या नववीच्या आल्या. नव्या दीदीने पोराला पुन्हा 'व्हॉट इज युअर नेम' पासून सुरू केलं. तो आता परिच्छेद वाचत होता आणि ही त्याला ए फॉर अॅपलचं चित्र रंगवायला देते. पोरगं म्हणालं, मी नाही जाणार.

आणि मधल्या डिसेंबरात नाताळचा कार्यक्रम. दप्तरं वाटली, चांगली होती, चेन अजून टिकली आहे. पण पाहुणे तासभर उशिरा आले आणि फोटोसाठी माझ्या पोराला तेच दप्तर तीनदा घ्यायला लावलं. घ्यायचं, परत द्यायचं, पुन्हा घ्यायचं. या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये म्हणतात. इथे फोटोग्राफरचं समाधान होत नव्हतं. सोबत जुन्या कपड्यांचं गाठोडं. त्यात एक टिकल्यांचा घागरा, एका पायाची सँडल आणि न धुतलेला टॉवेल. टॉवेल मी धुऊन परत नेऊन दिला. सिस्टरच्या हातात दिला. बोलले काही नाही.

त्यावर सिस्टरने मला बसवलं. पाणी दिलं, म्हणाल्या, ताई, बोला. मी सगळं बोलले, फेब्रुवारीचंही आणि फोटोचंही. त्यांच्या खोलीत मदर तेरेसांचा फोटो आहे. मी जरा तिखटच म्हटलं, "यांचे फोटो काढणारे पण असे तीनदा दप्तर द्यायला लावायचे का?" सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी मला मदर तेरेसांची एक गोष्ट सांगितली जी मला ठाऊक नव्हती. त्या आधी कोलकात्यात एन्टाली भागात मुलींच्या शाळेत शिकवायच्या, पुढे मुख्याध्यापिका होत्या. त्या शाळेच्या मुली शेजारच्या मोतीझील वस्तीत जायच्या. 1948 साली मदर शाळा सोडून वस्तीत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर सगळ्यात आधी ज्या आल्या त्यांच्यात त्यांच्याच शाळेतल्या विद्यार्थिनी होत्या.

मग दुसरी गोष्ट, तीही कोलकात्याचीच, सियालदाच्या लोरेटो शाळेची. ही मी नंतर फोनवर शोधूनही पाहिली. सिस्टर सिरिल मूनी म्हणून आयरिश बाई 1979 मध्ये तिथे मुख्याध्यापिका झाल्या. 1985 पासून त्यांनी रस्त्यावरची मुलं थेट शाळेत आणली, वर गच्चीवर. पाचवीपासून पुढच्या मुली त्यांना शिकवायच्या, एकीपुढे एक, आणि शाळा सुटल्यावर नाही, शाळेच्या तासातच. त्यांना 2007 साली पद्मश्री मिळाली, 2023 मध्ये त्या गेल्या.

मी म्हटलं, "सिस्टर, फरक इथेच आहे. त्यांनी वेळापत्रकात जागा दिली. तुम्ही उरलेल्या वेळेत देता. पोरींची परीक्षा आली की पहिलं आमचंच बंद होतं." सिस्टर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पालक ऐकणार नाहीत. खरं असेल. फी भरणाऱ्या पालकांनी परीक्षेच्या तोंडावर आपली पोरगी दुसऱ्याच्या पोराला लसावि शिकवत बसलेली पाहिली तर ते शाळेत येऊन बसतील. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित मीही बसले असते.

पण दोन गोष्टी मी सुचवल्या आणि त्या झाल्या, म्हणूनच हे लिहायला बसले.

एक, वही. माझ्याकडे चाळीस डब्यांची वही आहे. कुणाच्या किती पोळ्या, कुणाला लसूण चालत नाही, कोण एकादशीला सुट्टी घेतं, सगळं त्यात. मी आजारी पडले तर माझी जाऊ वही बघून डबे भरते, एकही चुकत नाही. मी म्हटलं, प्रत्येक पोराची अशी वही ठेवा. काय झालं, कुठे अडतो, पुढे काय घ्यायचं. आता ठेवतात. शंभर पानी, प्रत्येक वारी दोन ओळी, दीदीची सही. या जूनमध्ये नवी दीदी आली तिने आधी वही वाचली आणि थेट दशांश अपूर्णांकांवर आली. आधीच्या दीदीने जाता जाता शेवटी लिहून ठेवलं होतं: 'याला चूक झाली की लगेच खोडू देऊ नका, आधी बघू द्या. एकोणसत्तर तो तुम्हाला शिकवेल.'

दोन, दहावीच्या मुली. त्यांचं बोर्ड मार्चअखेरीपर्यंत आटोपतं आणि मग त्या मोकळ्या असतात. गेल्या एप्रिलमध्ये त्यांच्यातल्या दोघी-तिघींना बोलावलं. एक तीन आठवडे नेमाने आली, एक चार दिवस आली आणि मग गावाला गेली, तिसरीचं काही कळलं नाही. तीस पोरांना तेवढं पुरत नाही. म्हणून तारा अजून कापलेलाच आहे. यंदाच्या एप्रिलचं काय ते विचारलंय, "बघू" असं उत्तर आहे.

फोटो मात्र बंद झाले. गेल्या नाताळाला पाहुणे नव्हते, मुलींनी घरून कुलकुल आणि नेवऱ्या आणल्या होत्या आणि सगळ्यांनी एकत्र बसून खाल्ल्या. नेवऱ्या म्हणजे आपली करंजीच, सारणात थोडा फरक. आमच्या दिवाळीच्या करंज्यांपेक्षा बऱ्या होत्या हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

ज्या प्रश्नासाठी बायका मला बाजूला घेऊन कुजबुजतात त्याचंही सांगते. तिथे धर्माचं काही शिकवतात का? भिंतीवर क्रूस आहे, सुरुवातीला मुली एक प्रार्थना म्हणतात, आमची पोरं गप्प उभी राहतात. संपलं. शिकवणाऱ्या मुलींमध्ये निम्म्याहून जास्त हिंदू-मुसलमानच आहेत. अडीच वर्षांत पोराने घरी आणलेली एकच नवी सवय म्हणजे शिंकल्यावर सॉरी म्हणणं.

कुणाला पाठवायचं असेल तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जा, तीस जागा लवकर भरतात. चौथी ते सातवीची मुलं-मुली दोन्ही घेतात. पुढच्या गेटावर विचारू नका, तिथला वॉचमन ऑफिसात पाठवतो आणि ऑफिस दोनला बंद. मागच्या गेटाने जा. मुलाच्या शाळेचं गुणपत्रक दाखवावं लागतं, बाकी कागद नाहीत. बाक बालवाडीचे आहेत, सातवीच्या पोराचे गुडघे वर येतात. सव्वातीनला एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू देतात, पण पाण्याचा कूलर गेल्या गणपतीपासून बंद आहे, तेव्हा बाटली भरून द्या. आणि पहिल्या महिन्यात पोरगं म्हणालं की दीदीला काही येत नाही, तर वहीचं शेवटचं पान मागून घ्या, माझ्याकडे झेरॉक्स आहे.