शाळेच्या तयारीसाठी टीव्ही, दहा महिने वापरून: आधी चित्राची चौकट नीट करा

परवा लाइट जाऊन आली आणि टीव्हीवरचा गोल पुन्हा अंड्यासारखा झाला. दहा महिन्यांत हे सातव्यांदा. चार ते सहा वर्षांच्या मुलांना पहिलीसाठी तयार करायला टीव्ही वापरणाऱ्या घरांत चित्र असं ताणलं जाण्याकडे कुणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ तेच घालतं, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

सामान साधं आहे. 32 इंची एलईडी टीव्ही, डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेचा एमपेग-4 (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) बॉक्स, 32 जीबीचा पेनड्राइव्ह. पहिले तीन महिने एका कंपनीचा पैसे भरून घेतलेला ‘लर्निंग पॅक’ही होता. ऑगस्ट ते मे असा वापर, चाळीतली पाच मुलं, दहा बाय बाराची खोली, टीव्हीपासून बसायचं अंतर सात फूट. दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आणि पीएम ई-विद्या या सरकारी योजनेच्या इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांची ओळख करून देत नाही. एवढंच सांगतो की या वाहिन्या फ्री डिशवर महिन्याचा एक रुपयाही न भरता दिसतात. बॉक्स जुना एमपेग-2 असेल तर एमपेग-4 मधल्या वाहिन्या त्यावर येणारच नाहीत. विकत घेताना खोक्यावर बघून घ्या.

आता गोलाचा मुद्दा. जुन्या शैक्षणिक फिती, मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणाऱ्या पुण्याच्या बालचित्रवाणी संस्थेच्या काळातल्या धरा, 4:3 चौकटीत (रुंदी चार भाग, उंची तीन भाग) चित्रित झालेल्या आहेत. आजचा टीव्ही 16:9. टीव्ही किंवा बॉक्स ‘वाइड’वर असला की चित्र आडवं ताणलं जातं, रुंदी तिसऱ्या हिश्शाने वाढते. शिंप्याची टेप लावून मोजलं: आकार शिकवणाऱ्या कार्यक्रमातला गोल उभा 24 सेंमी, आडवा 32 सेंमी. कार्यक्रमातली बाई म्हणते ‘हा गोल’ आणि मुलाला दिसतो लंबगोल. ती म्हणते ‘चौरस’, दिसतो आयत. मोठ्या माणसाचा मेंदू हे आपोआप सुधारून घेतो. ज्याला गोल म्हणजे काय हेच आत्ता कळतंय, तो सुधारणार कशाच्या आधारावर?

अक्षरांत हे अजून ठळक दिसतं. सप्टेंबरमध्ये पाचपैकी तीन मुलं पाटीवर ‘ठ’ काढताना पोट आडवं काढत होती, आडव्या ठेवलेल्या बटाट्यासारखं. चौकट नीट केल्यावर तीन आठवड्यांत दोघांचा ‘ठ’ गोल झाला. तिसऱ्याला वाळूत बोटाने गिरवायला द्यावं लागलं.

दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते आणि लोक नेमके एकाच ठिकाणी करतात. आधी बॉक्सच्या मेनूत डिस्प्ले किंवा व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन चौकट ‘ऑटो’ किंवा ‘पिलर बॉक्स’वर (चित्र न ताणता बाजूंना काळ्या पट्ट्या) ठेवा. मग टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ निवडा. बॉक्सनेच ताणून पाठवलं असेल तर टीव्हीवर ‘ओरिजिनल’ करून काही होत नाही. वाहिनीनेच ताणलेलं चित्र सोडलं असेल, तर तेवढ्या कार्यक्रमापुरतं टीव्हीवर ‘4:3’ सक्तीने लावा, चित्र दाबून पुन्हा सरळ होतं. 32 इंची पडद्यावर चित्र मग 53 सेंमी रुंद राहतं आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंमी काळ्या पट्ट्या दिसतात. घरचे म्हणतात, अर्धा टीव्ही वाया गेला. जाऊ द्या.

काळ्या पट्ट्या नकोत म्हणून सुरुवातीला ‘झूम’ हा मधला मार्ग मीच सुचवला होता. तो मागे घेतो. झूममध्ये गोल गोलच राहतो, पण वरून-खालून मिळून चित्राची चौथाई उंची कापली जाते. वर शिरोरेषा आणि वेलांटी जाते, खाली उकार जातो. ‘कुत्रा’चा ‘कत्रा’ झालेला पडद्यावर पाहिलाय. हाच त्रास कमी प्रमाणात ‘ओव्हरस्कॅन’मुळेही होतो, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापतो. तो घालवायला टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय असतो.

शार्पनेससुद्धा उतरवा. दुकानातून टीव्ही येतो तेव्हा तो 50 च्या आसपास असतो, मी 10 वर ठेवलाय. जास्त शार्पनेसमध्ये अक्षराच्या कडेला पांढरी किनार उमटते आणि शिरोरेषेतली फट बुजते. देवनागरीत ती फट फार मोलाची आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ ओळखायची मुख्य खूण तीच. फट बुजली की मूल ‘धर’ला ‘घर’ वाचतं आणि आपण त्याच्यावर खेकसतो.

हे सगळं पॅकवाल्या कंपनीच्या ग्राहक सेवेला तीन वेळा सांगितलं, कारण त्यांच्या बॉक्सला चौकट बदलायचा पर्यायच नव्हता. उत्तर एकच: ‘चित्र दिसतंय ना? मग फॉल्ट नाही.’ महिना 59 रुपये देऊन आकार चुकीचे शिकवायचे असतील तर ते पैसे चिंचोक्यांवर खर्च केलेले बरे. बंद करायला सांगूनही चौथ्या महिन्याचे पैसे कापले गेले. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. पॅक घेणाऱ्यांनी आपोआप नूतनीकरणाची खूण पहिल्याच दिवशी काढून टाकावी.

चित्र नीट पोचणं ही फालतू बाब वाटत असेल तर अमेरिकेतलं उदाहरण बघा. ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा शैक्षणिक कार्यक्रम 1969 मध्ये सुरू झाला तेव्हा कित्येक शहरांत तो यूएचएफ (जास्त वारंवारतेच्या) लहरींवर दिसायचा आणि त्या काळच्या बऱ्याच टीव्ही संचांवर यूएचएफ धड यायचं नाही. मेलिसा कार्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी चांगलं प्रक्षेपण मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या भागांतल्या मुलांची तुलना केली. जिथे चित्र नीट येत होतं, तिथली मुलं पुढे वयाला साजेशा इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं. कार्यक्रम एकच, फरक पोचण्याचा.

जानेवारीत एक मत बदललं. आधी रोज नवा भाग लावायचो, वाटायचं तेवढंच जास्त शिकतील. पाचव्या दिवशी सोमवारचं काही विचारलं तर कोरी पाटी. मग एकच भाग सोमवार ते शुक्रवार लावला. ही कल्पना माझी नाही. 1996 मध्ये आलेल्या ‘ब्लूज क्लूज’ या अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमाचा एकच भाग आठवडाभर रोज दाखवायचे, आणि संशोधनात दिसलं की पुन्हापुन्हा पाहताना मुलांचं लक्ष टिकतं, समज वाढते आणि ती पडद्याला उत्तरंही जास्त देतात. इथेही तसंच झालं. पहिल्या दिवशी नुसती बघतात. तिसऱ्या दिवशी उत्तर आधीच ओरडतात. पाचव्या दिवशी कार्यक्रम बंद केल्यावर आपसात तोच खेळ खेळतात. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

त्यासाठी रेकॉर्डिंग लागतं. बॉक्सच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावून तो बॉक्समध्येच फॉरमॅट करा. साध्या वाहिनीचं तासाभराचं रेकॉर्डिंग सव्वा ते दीड जीबी होतं, म्हणजे 32 जीबीत वीसेक तास बसतात. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी-32 असेल तर एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, बॉक्स तुकडे करतो, घाबरू नका. स्वस्तातला संथ पेनड्राइव्ह घेतला तर चित्र अडखळत रेकॉर्ड होतं. इथे पन्नास रुपये वाचवू नका.

रेकॉर्डिंगचा खरा फायदा म्हणजे पॉज. बहुतेक कार्यक्रमांत बाई विचारते ‘यात वेगळं कोण?’ आणि दीड-दोन सेकंदांत स्वतःच सांगून मोकळी होते. चार वर्षांच्या मुलाला प्रश्न ऐकून, चित्र शोधून, शब्द जुळवून बोलायला पाच सेकंद तरी लागतात. प्रश्न संपला की पॉज दाबा, मनात पाच मोजा, तरी उत्तर नाही आलं तर प्रश्न आपण आपल्या घरच्या शब्दांत विचारा. बारा मिनिटांचा भाग असा वीस मिनिटं चालतो. तेवढाच दाखवायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2021 ची मर्यादा दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आहे, तीही मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि दोन वर्षांखाली पडदा नकोच. त्या तासात आजीची मालिका आणि मोबाइलही धरायचा, हे लोक विसरतात.

टीव्ही बंद झाला की लगेच वस्तू हातात द्या. मोजणीला दहा चिंचोके आणि दोन वाट्या. एक चिंचोका उचलला की एक आकडा, दुसऱ्या वाटीत टाकला की पुढचा. नुसतं गाणं ऐकून मूल शंभरपर्यंत म्हणतं, पण सात चिंचोके दे म्हटलं की मूठभर देतं. अक्षरांना वर्णमालेच्या क्रमाचा हट्ट धरू नका. ग, म, न, र, व ही पाच घेतली की काना-मात्रा नसतानाही मगर, गरम, नगर, वन, मन, नमन असे शब्द तयार होतात. आठवड्याभरात मूल शब्द वाचतं, आणि तो आनंद त्याच्या तोंडावर दिसतो. पाटीवर ‘मगर’ लिहून दिल्यावर एका मुलीने आधी बोट ठेवून तीन अक्षरं वेगवेगळी म्हटली, मग थांबली, मग एकदम ओरडली ‘मगर!’ आणि पाटी घेऊन गॅलरीभर दाखवत सुटली.

काही गोष्टी टीव्हीने येत नाहीत, त्यासाठी वाट बघू नका. डब्याचं घट्ट झाकण उघडणं, बटण लावणं, कातरीने रेषेवर कापणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, ‘दप्तर ठेव आणि पाणी पिऊन ये’ अशी दुहेरी सूचना पाळणं. पहिलीच्या पहिल्या आठवड्यात मूल रडतं ते ‘क्ष’ येत नाही म्हणून क्वचित, झाकण उघडत नाही म्हणून जास्त.

हिंदी कार्यक्रमांबद्दल थोडं. कितीतरी चांगले आहेत, पण मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला अक्षरं त्यातून शिकवू नका. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, ‘ळ’ नसतोच, सहाला ‘छे’ म्हणायची सवय लागते. गोष्टी आणि गाणी खुशाल बघू द्या. मराठीत 2020 ची ‘टिलीमिली’ मालिका पहिलीपासून होती आणि तिचा ढंग मला आवडतो, कारण त्यात फळ्यासमोरचे गुरुजी नाहीत, घरातली माणसं मुलांबरोबर कृती करतात. बालवाडीच्या वयाला पहिलीतले सोपे भागच निवडावे लागतात.

आवाजही तपासा. नव्या पातळ टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली असतात, त्यात पंखा आणि शेजारून जाणारी लोकल. ‘ण-न’, ‘ळ-ल’ एकच ऐकू येतात. साउंड मोड ‘स्पीच’ किंवा ‘न्यूज’वर ठेवला की बराच फरक पडतो.

डिश लावणाऱ्यांसाठी शेवटचं. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंशांवर येतो. खिडकी पश्चिमेला असेल तर ग्रिलवर छत्री (डिश) लावून उपयोग नाही, गच्चीसाठी सोसायटीची परवानगी काढा. खाऱ्या हवेत एलएनबीचा (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाचा) कनेक्टर वर्षभरात हिरवा पडतो. जोडावर टेप घट्ट गुंडाळा आणि वायरला खाली एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, जोडात शिरत नाही. जोराच्या सरीत सिग्नल जाणारच, त्याला इलाज नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास धरतो. पेनड्राइव्ह मे महिन्यातच भरून ठेवा.

रिमोटवरचं चौकट बदलायचं बटण मुलांच्या हातून सारखं दाबलं जातं. त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून सेलोटेप लावलीय. लाइट गेल्यावर टीव्ही स्वतःच ‘वाइड’वर जातो त्याला मात्र अजून उपाय सापडलेला नाही. रोज कार्यक्रम लावण्याआधी पडद्यावर काहीतरी गोल दिसेपर्यंत थांबतो आणि टेप लावून मोजतो.