जत्रेतला पाळणा, बागेतला ठेका की स्वतःच्या रानात कायमची राइड: सातारा-सांगलीत परवानगी कुठं कशी पडते

आपल्याकडं हल्ली बरेच जण विचारतात की कोलंबस (होडीच्या आकाराचा मोठा झोका) नाहीतर आकाशपाळणा घ्यायचाय, रोडटच जागा पण आहे, मग परवानगी कुणाकडनं काढायची. तर आधी एक समजून घ्या, फाइली दोन असतात. एक जागेची, म्हणजे या गटात असलं बांधकाम चालतंय का, हे नगररचनावाले बघतात. दुसरी चालवायच्या लायसन्सची, त्यात पोलीस, फायर, विद्युत निरीक्षक, मशीनचा फिटनेस हे सगळं येतं. दुसरी फाइल कागद जमवून होतेच, अडकतंय ते पहिल्या फाइलीत, आणि लोक मात्र मशीनचं टोकन देऊन मोकळे झालेले असतात.

जत्रेतलं आधी उरकतो. पुसेगाव, पाली, म्हसवड, खरसुंडी असल्या यात्रांत जागा देवस्थान किंवा ग्रामपंचायत ठरवून देते, मुक्काम मोजक्या दिवसांचा, त्यामुळं झोन-बिनचा प्रश्न फारसा येत नाही. पण कागद कमी लागतात असं समजू नका. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवला चेंगराचेंगरीत जवळपास ३०० माणसं गेली, ते सातारा जिल्ह्यातलं कुठलंच ऑफिस विसरलेलं नाही आणि विसरूही नये. प्रत्येक गावाला फिटनेस नव्यानं, वायरिंगचा दाखला नव्यानं, विमा चालू पाहिजे. आणि एक गोष्ट स्वतः वाकून बघा, पाळण्याच्या पायाखाली. रान काळं असंल तर ओल झाली की माती फुगते, वाळली की भेगाळते, आणि आख्खा लोखंडी सांगाडा उभा असतो चार लाकडी ओंडक्यांवर. लेव्हल सकाळी लावलेली संध्याकाळी तशीच असंल याची खात्री नसते, म्हणून रोज चालू करायच्या आधी ती परत बघायला एक माणूस फक्त त्याच कामाला पाहिजे. हे परवडत नसंल तर जत्रेचा धंदा करू नका, स्पष्ट सांगतो.

दुसरा रस्ता म्हणजे नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या बागेत ठेक्यानं राइड लावणं. ऐकायला सगळ्यात सोपं, जागा त्यांची, आरक्षण बागेचं, गर्दी आयती. टेंडर भरायचं, अनामत भरायची, करार झाला की झालं असं वाटतं. पण करारात राइडच्या तपासणीची जबाबदारी कुणाची हे नीट लिहिलंय का ते ओळ न ओळ वाचा. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादला कांकरिया तलावावर झोक्यासारखी फिरणारी राइड वरनं तुटून खाली आली, दोघं गेले, कितीतरी जण जखमी झाले. तीपण अशीच सार्वजनिक जागेतली, खासगी माणसं चालवत होती. बाग पालिकेची असली तरी पोलीस आधी चालवणाऱ्याच्याच दारात येणार.

आणि बाग सांगलीत असंल तर पूररेषा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ ला परत पूर आलाच. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात बाग, मैदान, पार्किंग असलं मोकळं चालतं, पण पक्क्या फाउंडेशनची राइड, कंट्रोल पॅनलची खोली, तिकीट घर हे बांधकामात धरलं की संपलं. निळी ते लालच्या मधे अटींवर विचार होतो. नदीकाठची स्वस्तातली जागा कुणी दाखवली तर आधी जलसंपदाच्या नकाशावर ती कुठं पडते ते बघा, बाकीचं नंतर बोला.

तिसरा, स्वतःच्या रानात कायमची राइड. सगळ्यात जास्त त्रास इथंच, आणि सगळ्यात जास्त स्थिरता पण इथंच. २०२० च्या डिसेंबरात आलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आता बहुतेक सगळीकडं लागू आहे, शेती झोनमध्ये पण अम्युझमेंट पार्क अटींवर बसतो, किमान क्षेत्र नि पोचरस्त्याची रुंदी बघतात. सात-बारा, मोजणीची क प्रत, झोन दाखला, आर्किटेक्टचा प्लॅन, आरसीसीवाल्याचं फाउंडेशन ड्रॉइंग हे घेऊन १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली अर्ज जातो, शहराच्या हद्दीत पालिकेकडं आणि बाहेर प्रादेशिक योजनेत जिल्हाधिकाऱ्यांकडं. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर मानीव परवानगी म्हणून लोक नाचतात, पण प्लॅन नियमात बसत असंल तरच ती ग्राह्य, नाहीतर पुढं त्याच कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची नोटीस येते. परवानगीची मुदत पण १ वर्षाची, दरवर्षी वाढवून घेऊन आणखी ३ वर्षं, तेव्हा मशीन बनून यायला किती लागणार हे कारखानदाराकडनं लेखी घेऊनच अर्जाची वेळ धरा. साताऱ्याला पुणे-बंगळूर हायवेला लागून जागा असंल तर महामार्ग प्राधिकरणाची वाट काढायची परवानगी वेगळी लागते, ही सगळ्यांच्या ध्यानातनं जाते.

महाबळेश्वर-पाचगणीचा मोह सगळ्यांना होतो कारण पर्यटक तिथंच. पण तो भाग १७ जानेवारी २००१ पासनं इको सेन्सिटिव्ह झोन आहे, वर सांगितलेली नियमावली तिथं लागूच होत नाही, झाडतोड, डोंगर उतार, बांधकामाची उंची सगळ्याला वेगळे निर्बंध. कासकडं तर २०१२ पासनं जागतिक वारसा आहे, तिथं पाळणा नकोच, परवानगी मिळंल का हा नंतरचा प्रश्न.

मग घ्यायचं काय? हातात एकच राइड आणि भांडवल कमी असंल तर पहिले दोन हंगाम जत्रा करा, पण फिटनेसच्या रेकॉर्डची वही पहिल्या दिवसापासनं ठेवा, पुढं कायमच्या लायसन्सला तीच दाखवता येते. ठेका घ्यायचा तर साताऱ्यातला मी आधी बघीन, सांगलीत पूररेषेच्या बाहेरची बाग मिळाली तर तीपण चांगली, मिरज-कुपवाडकडं अशा जागा बघायला हरकत नाही. स्वतःचं रान असंल आणि घाई नसंल तर मात्र कराडच्या आसपास हायवेपासनं थोडं आत, गावठाणापासनं लांब, कारण रात्री जनरेटर आणि स्पीकरच्या आवाजावरनं गावची पहिली तक्रार येते आणि ग्रामपंचायतीचा ठराव एकदा विरोधात गेला की तो फिरवायला वर्ष जातं.