न्यूयॉर्कची हाय लाइन, दारव्ह्याच्या माणसानं पाहिलेली

पोरीकडे महिनाभर राहिलो, त्यात हाय लाइन या उंचावरच्या बागेत तीनदा गेलो. तिकीट नाही. रस्त्यापासून साधारण तीस फूट उंचावर मालगाडीची जुनी लाइन होती, शेवटची गाडी १९८० मध्ये गेली. पाडायचं चाललं होतं. १९९९ मध्ये तिथल्या दोघांनी संस्था काढून ती वाचवली आणि २००९ पासून टप्प्याटप्प्यानं बाग खुली झाली. लांबी सव्वादोन किलोमीटरहून थोडी जास्त.

सगळ्यात आवडलं ते गवत. गाडी बंद पडल्यावर रुळांत जे आपोआप उगवलं, त्यावरूनच डच बागरचनाकार पीट आउडॉल्फ यांनी लागवड ठरवली. फरशीच्या पट्ट्या टोकाला निमुळत्या, म्हणून वाट कुठं संपते ते कळत नाही. रूळही जागोजागी तसेच ठेवलेत. सौ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अवो, हे त आपल्या धुऱ्यावानीच दिसून रायलं!" धुरा म्हणजे शेताचा बांध. माती जेमतेम हातभर, तरी झाडं तग धरतात. मी दर खेपेला वाकून पाहिलं.

गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे. सकाळी लवकर जा, दुपारी बसायला जागा मिळत नाही.

पण शेजारच्या वस्तीचं काय झालं? बागेलगत महागडे मनोरे उठले, भाडी चढली. जवळच सरकारी घरकुलांच्या वसाहती आहेत, तिथली माणसं मात्र बागेत कमीच येत. बाग कशी हवी हे विचारलं, तुम्हाला काय हवं हे विचारायचं राहिलं, असं संस्थापकांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनीच पुढं कबूल केलं. हे मोकळेपणी सांगितलं, म्हणून त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

आमच्या दारव्ह्यात शकुंतला रेल्वेचं मोतीबाग स्टेशन आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज, कापसासाठी घातलेली. गाडी थांबली, रुळांत बाभळी आल्या. मला आधी ब्रॉडगेज गाडीच हवी, बागेच्या नावाखाली ती मागणी कोणी मागं टाकू नये. पण नव्या मार्गात गावालगतची जी जुनी पट्टी सुटेल, तिथं सावलीची पायवाट व्हावी. आज पोरी शाळेत आणि बाया वावरात जातात त्या डांबरी रस्त्याच्या कडेनं, ट्रकची धूळ खात, मे महिन्यात डोक्यावर पदर ओढून. कडुनिंब लावा, चिंच लावा, पाण्याचा नळ ठेवा. आणि आखणीआधी रुळाकडेला ज्यांची घरं आहेत, त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा.