फोर्क तळाला लागतोय: हवा भरावी की टोकन टाकावं?

माउंटन बाइकचा एअर फोर्क (पुढच्या चाकाचं हवेच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन) मोठ्या उडीला धाडकन तळाला लागला, म्हणजे पूर्ण दबून आपटला, की बहुतेक जण थेट शॉक पंप (फोर्कमध्ये हवा भरायचा पंप) काढतात. सोपंच आहे ते. पण हवा वाढवली की फोर्क सुरुवातीपासूनच कडक होतो. सॅग (नुसत्या आपल्या वजनाने फोर्क जेवढा दबतो तो) कमी होतो, बारीक खडी थेट मनगटात जाणवते आणि वळणावर पुढचं चाक घसरायला लागतं. रिबाउंडही (दबलेल्या फोर्कचं परत वर येणं) वेगवान होतो, म्हणून तो नॉब फिरवून एक-दोन क्लिक मंद करावा लागतो.

टोकन म्हणजे एअर चेंबरमधली जागा खाणारा प्लास्टिकचा तुकडा. जागा कमी झाल्याने शेवटच्या टप्प्यात दाब झपाट्याने चढतो. सुरुवातीचा मऊपणा मात्र जवळपास तसाच राहतो. पावसाने धुपून पायऱ्या पडलेल्या सह्याद्रीतल्या वाटांवर मला हेच पटतं. त्रास एवढाच, की आधी सगळी हवा सोडून वरची कॅप खोलावी लागते. हवा न सोडता पाना लावायचा नाही!

निवड कशी करायची? आधी सॅग बघा. रायडिंगच्या पवित्र्यात उभे राहा, फोर्कच्या नळीवरची रबरी ओ-रिंग खालच्या सीलला टेकवा, अलगद उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. १४० मिमी ट्रॅव्हलला (फोर्क जास्तीत जास्त दबू शकतो ते अंतर) २८ मिमी म्हणजे २० टक्के, ट्रेलसाठी ठीक. ४० मिमी भरला तर हवाच कमी आहे, टोकनचा विचारही नको. सॅग बरोबर असूनही फोर्क आपटत असेल तर एक टोकन टाका. एकदम दोन नकोत, नाहीतर ट्रॅव्हलचा शेवटचा भाग कधी वापरलाच जात नाही.