गोल्फ क्लबवरची रणजी: प्रेक्षकांसाठी छान, शेजाऱ्यांना जड

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. शहराच्या मधोमध प्रथम श्रेणीचं क्रिकेट बघायला मिळणं ही नाशिककरांसाठी मोठीच गोष्ट आहे!

खेळ साडेनऊला सुरू होतो, साडेअकराला जेवणाची सुट्टी. घोटाळा नेमका सकाळी होतो. प्रेक्षक नऊच्या सुमारास येतात, तेव्हाच त्र्यंबक रोडवर ऑफिसची गर्दी असते. मग गाड्या आजूबाजूच्या गल्ल्यांत लागतात आणि रहिवाशांच्या फाटकासमोर अडकतात. त्यांचा राग रास्तच आहे. सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) उतरून चालत या, ते सोपं पडतं. नाहीतर जेवणानंतरच्या 12:10 च्या सत्राला या. नावाजलेला फलंदाज खेळत असेल तर मात्र लवकरच निघा.

सकाळी स्वेटर, दुपारी टोपी, दोन्ही जवळ ठेवा.

रोज मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर येणाऱ्यांचा विचार आयोजकांनी करायलाच हवा. सामना चार दिवसांचा, तयारी त्याआधीपासून. ट्रॅकच्या वेळा आठवडाभर आधी फलकावर लावल्या, तर निम्मी कुरबुर तिथेच मिटेल. खेळासाठी साडेचार तारे, नियोजनासाठी तीन.