एचएमओ, पीपीओ की एचडीएचपी: घरात रोजच्या गोळ्या चालू असतील तर अमेरिकेत कुठला प्लॅन घ्यावा

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की एचआरची मेल येते, ओपन एनरोलमेंट सुरू झालंय हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन निवडा, आणि इकडचे आपले बरेच लोक पगारातून महिन्याला किती कापणार तेवढा एकच आकडा बघून सगळ्यात स्वस्त प्लॅनवर क्लिक करून मोकळे होतात. घरात सगळे तरुण आणि ठणठणीत असतील तर चालून जातं. पण डायबेटीस, बीपी, दमा यातलं काही घरात असेल तर प्रीमियमच्या आधी औषधांचं बघा, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आणि आपल्याकडे ते असतंच हो, अमेरिकन डायबेटीस असोसिएशन बाकीच्यांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या पुढे शुगर तपासा म्हणते आणि आपल्यासारख्या एशियन लोकांना २३ पासूनच.

आधी एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कमधलाच प्लॅन. १९७३ च्या कायद्यापासून अमेरिकेत हे प्लॅन जोरात पसरले, हेतू हा की ठरावीक पैशात सगळी ट्रीटमेंट एका व्यवस्थेखाली द्यायची. तुमचा एक प्रायमरी डॉक्टर, बऱ्याच ठिकाणी स्पेशालिस्टकडे जायला त्याचं रेफरल लागतं, आणि इमर्जन्सी सोडली तर नेटवर्कबाहेर गेलात की खर्च तुमचा. कायझर या विमा आणि दवाखाने दोन्ही चालवणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी डॉक्टर, लॅब, फार्मसी सगळं एकाच सिस्टिममध्ये असतं, त्यामुळे कुठली गोळी प्लॅनच्या यादीत आहे ते लिहितानाच डॉक्टरला समोर दिसतं आणि काउंटरवर जाऊन "ही कव्हर नाही" हे ऐकायची वेळ कमी येते. गोळ्यांचा को-पेही (दर वेळी तुम्ही भरायचा हिस्सा) साधारण ठरलेला. रोजच्या औषधांसाठी मला हा प्रकार सगळ्यात सुटसुटीत वाटतो. पण न्यू जर्सी किंवा टेक्सासात राहत असाल तर कायझर तिथे नाहीच, आणि तिथले इतर एचएमओ असे एका छताखाली असतीलच असं नाही. दुसरं म्हणजे अपॉइंटमेंटची वाट. मानसिक आजारांच्या ट्रीटमेंटला उशीर होतो वगैरे त्रुटींवरून २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी नियामकाने कायझरशी २० कोटी डॉलरचा समझोता केला, त्यातला ५ कोटी नुसता दंड होता. घरात कुणाला नियमित थेरपी लागत असेल तर पहिली अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते हे फोन करून विचाराच.

पीपीओत रेफरल नको, नेटवर्कबाहेरही काही टक्के मिळतात, प्रीमियम जास्त. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे किंवा एखादा दुर्मिळ आजार आहे आणि डॉक्टर बदलायचाच नाहीये, तर हे जास्तीचे पैसे द्या, इथे काटकसर नको. पण पीपीओ म्हणजे औषधंही हवी ती मिळतील असं धरून चालू नका. मोकळीक डॉक्टरची असते. औषधं जातात पीबीएम, म्हणजे प्लॅनच्या वतीने औषधांचं काम बघणाऱ्या कंपनीच्या हातातून, आणि देशातली सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शन सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांकडूनच प्रोसेस होतात. एकाच कंपनीच्या पीपीओ आणि एचडीएचपीत पुष्कळदा पीबीएमही तोच आणि औषधांची यादीही तीच असते, फरक एवढाच की पैसे तुम्ही कधी आणि किती भरता.

आता एचडीएचपी, म्हणजे जास्त डिडक्टिबलचा, आपल्या आयटीवाल्यांचा लाडका प्लॅन. डिडक्टिबल म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागायच्या आधी वर्षाला तुम्ही स्वतः भरायची रक्कम. २०२६ साठी डिडक्टिबल एकट्याला किमान १,७०० आणि फॅमिलीला ३,४०० डॉलर, बदल्यात एचएसएमध्ये (उपचारांसाठीच्या बचत खात्यात) ४,४०० आणि ८,७५० पर्यंत फेडरल टॅक्स न लागता ठेवता येतात, आणि ते पैसे वर्षाअखेर बुडत नाहीत. फायदा खरा आहे. पण शुगरची मेटफॉर्मिन चार डॉलरात मिळते आणि जार्डियन्ससारख्या ब्रँडेड गोळीची लिस्ट प्राइस २०२५ मध्ये महिन्याला ६०० डॉलरच्या आसपास होती, म्हणजे डिडक्टिबल संपेपर्यंत जानेवारी-फेब्रुवारीतच खिसा रिकामा व्हायला लागतो. मग माणूस गोळी एक दिवसाआड घ्यायला लागतो आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. १९७० च्या दशकात रँड संस्थेने हजारो लोकांवर मोठा प्रयोग केला होता, त्यात दिसलं की खिशातून पैसे द्यायला लागले की लोक अनावश्यक उपचार टाळतात तसेच आवश्यकही टाळतात, आणि कमी उत्पन्नवाल्यांपैकी ज्यांना फुकट उपचार होते त्यांचं बीपी जास्त चांगलं कंट्रोलमध्ये आलं. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते, २०१९ पासून आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) इन्सुलिन, शुगरच्या इतर गोळ्या, दम्याचे काही इनहेलर, काही जणांसाठी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) अशी औषधं डिडक्टिबलच्या आधीच कव्हर करायला एचडीएचपीला परवानगी दिलीय. सक्ती नाही. म्हणून एचआरला "प्रिव्हेंटिव्ह ड्रग लिस्ट" मागा, त्यात तुमचं औषध असेल तर सगळा हिशोबच बदलतो.

तिन्हीपैकी काहीही घ्या, प्लॅनची फॉर्म्युलरी, म्हणजे कव्हर होणाऱ्या औषधांची यादी उघडा, लांबलचक पीडीएफ असते, त्यात आपल्या औषधाचं नाव शोधा आणि पुढच्या रकान्यात टिअर (औषध कुठल्या किमतीच्या गटात आहे ते) बघा, शेजारची बारीक अक्षरं पण बघा. पीए म्हणजे आधी परवानगी, एसटी म्हणजे आधी स्वस्त औषध घेऊन बघा ते नाही लागू पडलं तर हे देऊ, क्यूएल म्हणजे महिन्याला इतक्याच गोळ्या. घरात चालू असलेल्या इनहेलरसमोर एसटी दिसलं तर तो प्लॅन प्रीमियमने कितीही स्वस्त असू दे, दहादा विचार करा.

क्वालिटीसाठी एनसीक्यूए या प्लॅनची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेचं रेटिंग फुकटात बघता येतं, डायबेटीसवाल्यांची शुगर आणि बीपी त्या प्लॅनमध्ये किती चांगलं सांभाळलं जातं यावरही गुण असतात, नुसत्या डॉक्टरच्या स्टार रिव्ह्यूपेक्षा हे कितीतरी कामाचं.

माझं मत विचाराल तर रोजच्या गोळ्या आहेत आणि जवळ चांगला एचएमओ आहे तर तोच घ्या, ठरलेला स्पेशालिस्ट सोडायचा नसेल तर पीपीओ, आणि एचडीएचपी तेव्हाच जेव्हा डिडक्टिबलएवढे पैसे एचएसएमध्ये खरंच टाकणार असाल. कूपनवर रोख पैसे देऊन औषध घेतलं तर ते सहसा डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत, हेही हिशोबात घ्या. औषध नाकारलं तर गप्प बसू नका, अपील करायला १८० दिवस असतात, त्यातही नाही म्हणाले तर वैद्यकीय कारणावरून दिलेल्या नकाराला प्लॅनबाहेरच्या तज्ज्ञांकडून रिव्ह्यू मागता येतो. आणि प्लॅन बदलणार असाल तर डिसेंबरमध्येच जुन्या प्लॅनवर शक्य असेल तर ९० दिवसांचा रिफिल करून घ्या, नवीन ठिकाणी पीए मंजूर व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात घरातल्या गोळ्या संपायला नकोत.