चिंगीचे च्यू: नऊ महिन्यांचा हिशेब

चिंगी आमची देशी कुत्री, दोन वर्षांची, 17 किलोची. मागच्या दिवाळीत तिने सोफ्याचा कोपरा, माझी एक कोल्हापुरी आणि सासूबाईंची जपमाळेची पिशवी एवढं एका आठवड्यात संपवलं, तेव्हा घरात च्यू (कुत्र्यांना चघळायला द्यायच्या वस्तू) आले. पार्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आतापर्यंत तीन प्रकार चघळून झालेत.

पहिलं कातड्याचं पांढरं हाड, दोन्ही टोकांना गाठ मारलेलं. स्वस्त, वास नाही, एक हाड दोन संध्याकाळी पुरायचं. कातड्याचा वरचा थर चामड्याला जातो आणि आतल्या थराची ही हाडं करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तीन आठवडे घरात विलक्षण शांतता होती. मग एका रात्री तीन वाजता तो आवाज आला. कुत्रं पोटातून ओढून ओकायला लागलं की येणारा. ज्यांच्या घरी कुत्रं आहे ते या आवाजाने कुंभकर्णासारखे झोपलेले असले तरी उठतात. लादीवर चार बोटं लांबीचा, फुगलेला, रबरासारखा ताणला जाणारा तुकडा पडला होता. सकाळपासून शी थोडी थोडी, सहा वेळा, आव पडलेली, दोनदा लाल धागे.

आदल्या दिवशी जुहूला गेलो होतो, तिथे ती समुद्राचं पाणी प्यायली होती. खारं पाणी पोटात गेलं की कुत्र्यांना जुलाब होतात, म्हणून मी सगळं खापर समुद्रावर फोडलं. डॉक्टरांनी तो तुकडा पाहिला (मी डब्यात घालून नेला होता, तुम्हीही न्या) आणि विचारलं, “ताई, शेवटचा तुकडा कोण काढून घेतं?”

कोणीच नाही. उलट मी जवळ गेले की ती घाईघाईने गिळायची. कातडं पोटात लवकर विरघळत नाही, पाणी पिऊन फुगतं. तोंडात मावेल एवढं उरलं की कुत्रं चावत बसत नाही, गिळून मोकळं होतं. आमचा तुकडा वर आला म्हणून वाचलो. खाली जाऊन आतड्यात अडकला असता तर पोट उघडावं लागलं असतं. आव आणि ताजं लाल रक्त म्हणजे मोठ्या आतड्याला त्रास. शी डांबरासारखी काळी झाली तर रक्त वरून कुठून तरी येत असू शकतं, ते जास्त गंभीर. पुन्हा पुन्हा उलटी, पाणीही न टिकणं, ताठ पोट, शी बंद, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. चिंगीला उलटी थांबवण्याचं इंजेक्शन दिलं आणि तीन दिवस उकडलेलं चिकन व मऊ भात सांगितला. मऊ भात सासूबाईंनी केला. फोडणी नको, लसूण-कांदा तर मुळीच नको, हे त्यांना तीनदा सांगावं लागलं.

दुसरा प्रकार बुली स्टिक. मऊ, पचायला कातड्यापेक्षा बरी, चिंगी जीव टाकते. पण ती कशाची असते हे सासूबाईंनी विचारलं आणि मी खरं सांगितलं: रेड्याच्या त्या अवयवाची. “अगं, देवघरासमोर?” त्या दिवसापासून बुली स्टिक फक्त गॅलरीत. वासामुळे तसंही तिथेच बरं. पहिल्या आठवड्यात रोज एक दिली तर शी पुन्हा लिबलिबीत. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी 2013 मध्ये 26 बुली स्टिक तपासल्या होत्या. इंचाला 9 ते 22 कॅलरी निघाल्या आणि काहींवर जिवाणूही. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शात बसवावं म्हणतात. चिंगीसाठी तो हिस्सा साधारण 90 कॅलरींचा, म्हणजे एका सहा इंची काडीतच तो संपू शकतो. आता अर्धी काडी, आठवड्यातून दोनदा. पोट ठीक. हात मात्र साबणाने धुवायचे.

तिसरा, हिमालयातल्या याकच्या दुधाचा कडक चीजचा तुकडा, छुरपी. हा सासूबाईंना मान्य, कारण दूध. वास नाही, डाग नाही, महिनाभर पुरतो, पोटाची तक्रार शून्य. माझी भीती दातांची. खालच्या मजल्यावरच्या लॅब्रॅडॉरची वरची मोठी दाढ असल्याच एका तुकड्यावर चिरली आणि काढावी लागली. अंगठ्याचं नख दाबून खूण उमटली नाही तर वस्तू दातांना जास्त कडक, असं डॉक्टर म्हणतात. छुरपीवर माझं नख मोडलं. त्यामुळे दहा मिनिटं चघळू देते आणि काढून घेते. उरलेला बारका तुकडा पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-पाऊण मिनिट ठेवला की कुरमुऱ्यासारखा फुलतो. गार झाल्यावर तो बिनधास्त द्या.

काढून घेण्याबद्दल एक: ओढू नका. ओढलंत की ती गिळते, मीच तिला ते शिकवलं होतं. आता उकडलेल्या चिकनचा कपटा पुढे करते, ती च्यू सोडते, मी उचलते. जमायला महिना लागला.

जूनमध्ये नवा घोळ. पाकिटं जाळीच्या टोपलीत ठेवली होती, मुंबईच्या हवेत दहा दिवसांत बुली स्टिकवर हिरवी बुरशी. सातशे रुपये कचऱ्यात. सध्या पावसाळ्यापुरतं रबरी खेळण्यात पातळ दहीभात भरून फ्रीजरमध्ये घालते, बिनमिठाचा. अर्धा तास सुटतो, फक्त लादी पुसावी लागते. छुरपीचे दोन तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजवर आहेत आणि डब्याचं झाकण वाजलं की चिंगी आतल्या खोलीतून धावत येते. बुली स्टिक आता गणपतीनंतर, हवा कोरडी झाली की. कातड्याचं हाड पुन्हा आणणार नाही.